सहा सोंगट्यांपुरतं सर्वज्ञान

मिंतकाका पहिल्यांदा माझ्याकडे आले ते मे महिन्यातल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर. अंगात काळा कोट, हातात साखरेचा अर्धा पाव आणि खिशात घडी घातलेला कागद. पाव माझ्यासाठी होता. कागद टेबलावर ठेवताना त्यांनी आधी हाताने टेबल पुसून घेतलं.

मी फ्रीसलंडच्या पाणी-मंडळात नोकरी करते. कुठल्या कालव्यात किती पाणी चढलं, कुठला पंप कधी लावायचा, हे आकडे बघणं माझं काम. आल्डतेर्प या खेड्यात मी पंधरा वर्षांपूर्वी मुलीला घेऊन राहायला आले (ती आता ग्रोनिंगेन शहरात असते), तेव्हा लोक मला चर्चला न येणारी बाई म्हणून ओळखायचे. नंतर डाम खेळणारी बाई म्हणून ओळखायला लागले. दहा बाय दहाच्या पटावर पांढऱ्या-काळ्या सोंगट्यांचा हा खेळ इकडे गावोगावी चालतो. मी तो शहरातल्या क्लबात शिकले आणि नंतर त्याचा एक प्रोग्राम लिहिला. पटावर सहा किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या की माझा प्रोग्राम विचार करत नाही. त्या सगळ्या मांडण्या त्याच्याकडे आधीच सोडवून ठेवलेल्या आहेत. तो फक्त बघतो आणि सांगतो: जीत, हार किंवा बरोबरी. हे करायला मला नऊ वर्षं लागली. मला त्याचा गर्व होता, तो मी कधी लपवला नाही.

कागदावर मिंतकाकांनी पट काढला होता. पांढऱ्या तीन, काळ्या तीन. पांढऱ्यांत दोन राजे, म्हणजे पलीकडची कड गाठून बळ वाढलेल्या सोंगट्या, आणि एक साधी सोंगटी.

"चाल पांढऱ्याची. मी पांढरा," ते म्हणाले. "हरू नये एवढंच बघ. जिंकायचं नाहीये मला."

"समोर कोण आहे?"

त्यांनी खिडकीबाहेर चर्चच्या टेकाडाकडे पाहिलं. तिथली झाडलोट, घंटा, किल्ल्या, सगळं चाळीस वर्षं त्यांच्याकडे होतं.

"तू हसशील," ते म्हणाले.

मी हसले नाही, कारण त्यांनी आधी फोकेलकाकूंचं सांगितलं. त्यांच्या बायकोची फुप्फुसं आटत चालली होती. फेब्रुवारीत डॉक्टरांनी ईस्टरपर्यंतचा वायदा दिला होता. त्या दिवशी दुपारी मिंतकाका चर्चच्या मागच्या बैठकीच्या खोलीत एकटेच बसले होते. तिथे जुना पट कायम मांडलेला असतो. त्यांनी सहा सोंगट्या लावल्या आणि मोठ्याने बोलले: हा डाव चालू आहे तोवर तिला नेऊ नकोस. मग एक पांढरी चाल केली, खोलीला कुलूप लावलं आणि घरी आले. पुढच्या रविवारी काळ्याने चाल केलेली होती.

"आता ईस्टर होऊन महिना झाला," ते म्हणाले. "पण माझी अक्कल संपत आली गं. त्याची चाल फार खोल असते."

मी प्रोग्राम लावला. बरोबरी. मात्र बरोबरी टिकवणारी चाल एकच होती, बाकी सगळ्या हरत होत्या. ती मी त्यांना लिहून दिली.

"म्हणजे हे यंत्र त्याच्यासमोर टिकेल? त्याला तर सगळं ठाऊक असतं."

"सहा सोंगट्यांपुरतं यालाही सगळंच ठाऊक आहे, मिंतकाका. मांडणी बरोबरीची असेल तर समोर कोणीही बसू दे, तो जिंकू शकत नाही. तिथे देव आणि माझं यंत्र सारखेच."

त्यांनी छताकडे पाहिलं. "जरा हळू बोल," ते म्हणाले.

मला वाटलं, गावातलं कोणीतरी म्हाताऱ्याची दया येऊन खेळतंय. पाद्री असेल, नाहीतर मिंतकाका स्वतःच काळ्याची चाल करून विसरत असतील. तिसऱ्या रविवारी मी ऑफिसातून शिशाची सीलं नेली. पाणी मोजायच्या पेट्यांना लावतो तीच, प्रत्येकीवर वेगळा आकडा. दार, दोन्ही खिडक्या आणि धुराड्याची झडप मी स्वतः सील केली. आकडे माझ्या वहीत राहिले, मिंतकाकांनाही दाखवले नाहीत.

पुढच्या रविवारी सगळी सीलं जशीच्या तशी होती. आत मेणाचा आणि ओल्या कोटांचा वास कोंडलेला होता. पटावर धुळीचा पातळ थर होता, कारण सोंगटी हलेल या भीतीने मिंतकाका पट पुसत नसत. काळा राजा तीन घरं सरकलेला होता आणि त्याच्या वाटेवरची धूळ मोडलेली नव्हती.

मी ते दोनदा पाहिलं. मग पांढरी चाल केली आणि पुन्हा सीलं लावली. दुसरं काय करणार होते?

दर रविवारी मी चर्चला जाऊ लागले. प्रवचन सुरू झालं की मिंतकाका बाकावरून पेपरमिंटची गोळी माझ्याकडे सरकवायचे. गाव चकित झालं. पाद्री तर इतका खूश झाला की मलाच लाज वाटली. नंतर आम्ही मागच्या खोलीत जायचो, मांडणी कागदावर उतरवून घ्यायचो, माझ्या घरी प्रोग्रामला विचारायचो आणि परत येऊन चाल करायचो. प्रोग्राम चालींची चांगल्यापासून वाईटापर्यंत यादी लावतो; काळ्याची प्रत्येक चाल तिच्यात सगळ्यात वरची असायची. एकदाही दुसऱ्या क्रमांकाची नाही. असा प्रतिस्पर्धी मला जन्मात मिळाला नव्हता. खरं सांगायचं तर मी रविवारची वाट बघायला लागले होते. डाव कशासाठी चाललाय हे मी कधीकधी विसरायचे.

फोकेलकाकू विसरत नव्हत्या. जुलैत मी त्यांना भेटायला गेले. खिडकीपाशी खुर्ची, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर.

"ये गं, माझी वकीलबाई," त्या म्हणाल्या. दोन शब्द बोलून थांबायच्या, श्वास घ्यायच्या. "तो म्हातारा मला धड मरूही देणार नाही. आणि तू त्याला चाली पुरवतेस."

"थांबवू का?"

त्यांनी बाहेरच्या गाईंकडे पाहिलं.

"सप्टेंबरात दारचे पेअर पिकतात," त्या म्हणाल्या. "तेवढे होऊ देत."

मला त्या बाईचा फार लळा लागला. त्यांचे पेअर व्हावेत असं मला मनापासून वाटलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते वाचून कोणाला तसं वाटणार नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी काळ्याने आपली एक सोंगटी पुढे आणून आमच्या तोंडाशी ठेवली. मारा म्हणून. ती दोन प्रकारे मारता येत होती, राजाने किंवा साध्या सोंगटीने. मी घरी येऊन यादी पाहिली. ही चाल काळ्याच्या यादीत सगळ्यात खाली होती. फुकटची सोंगटी देणारी, बिनकामाची.

मी मोठ्याने हसले. "मिंतकाका, तुमचा देव चुकला."

त्यांना हसू आलं नाही. ते कागदाकडे पाहत होते. "आमचे वडील ही साध्या सोंगटीने मारायचे," ते म्हणाले. "आमच्या गावात म्हण होती, आधी धाकट्याने, मग राजाने."

"दोघांनाही मारता येत असेल तर राजानेच मारायचं, असा नियम आहे. साध्याने मारलं तर चालच बाद. यंत्र तिचा विचारसुद्धा करत नाही."

"नियम कोणाचा?"

"सगळ्यांचा. क्लबाचा, स्पर्धांचा."

"पण हा पट जुना आहे, रिक्स्त."

"पट जुना असला म्हणून काय झालं? माझ्यावर भरवसा आहे ना?"

त्यांनी मान हलवली. आम्ही परत गेलो. त्यांचा हात साध्या सोंगटीवर क्षणभर थांबला. मी घसा खाकरला. मग त्यांनी राजा उचलला.

पुढच्या रविवारी सीलं शाबूत होती. आकडे मी वहीशी ताडून पाहिले.

पटावर पांढरे दोन्ही राजे होते. साधी सोंगटी नव्हती.

मी खाली वाकून पाहिलं. पेटीत पाहिलं. मिंतकाका जागचे हलले नाहीत.

जिथे ती सोंगटी होती, त्या घरापासून आमच्या बाजूच्या कडेपर्यंत पटावरची धूळ गेली होती. हाताच्या पंजाएवढा पट्टा स्वच्छ झाला होता, घराशी अरुंद आणि कडेला रुंद. बाकी पटावर थर तसाच होता.

"फुंकली," मिंतकाका म्हणाले.

"म्हणजे?"

"ज्याने मारायला हवं होतं त्याने मारलं नाही, तर समोरचा ती सोंगटी फुंकून काढतो. लहानपणी आम्ही असंच खेळायचो. तोंड खाली न्यायचं, फुंकायचं आणि उचलायचं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मी विसरलो होतो गं. पन्नास-साठ वर्षं झाली."

उरलेली मांडणी मला यंत्राशिवाय दिसत होती. पांढरा हरत होता.

तेवढ्यात अंगणातल्या खडीवर कोणीतरी धावत आलं. शेजारची हिस्के. ती फोकेलकाकूंजवळ बसायला थांबली होती. ती दारात उभी राहिली आणि मिंतकाकांकडे वळली.

"नळी नाकातच होती," ती म्हणाली. "सिलिंडर भरलेलं होतं. मी आत्ताच बघितलं होतं, काका. श्वास सोडला आणि परत घेतलाच नाही."

गुरुवारी त्यांना पुरलं. झाडावर पेअर होते, अजून कच्चे.

शुक्रवारी मी सुट्टी घेतली आणि प्रोग्राम उघडला. दोनच ओळी बदलायच्या होत्या: आधी धाकट्याने, मग राजाने. न मारणारी सोंगटी पटाबाहेर. सगळ्या मांडण्या नव्याने सोडवायला त्याला रात्रभर आणि शनिवारची अर्धी दुपार लागली. मग मी ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारची मांडणी भरली.

काळ्याची ती बिनकामाची चाल यादीत सगळ्यात वर होती.

पांढऱ्यासाठी बरोबरीची चाल एकच होती. साध्या सोंगटीने मारायचं होतं. ती केली असती तर डाव अजून चालू असता. मिंतकाकांनी ती मला माझ्याच टेबलाशी बसून सांगितली होती.

तीन वाजता ते आले. मी कॉफी केली. त्यांनी कोट काढला नाही. आठवड्यात त्यांची मान कॉलरमध्ये सैल झाली होती.

"एकच विचारतो," ते म्हणाले. "मी वडिलांसारखं मारलं असतं तर?"

स्क्रीन माझ्याकडे वळलेली होती. उत्तर तिच्यावर समोरच होतं. एक शब्द उच्चारायचा होता; चाल माझी होती.

"तरी हारच होती," मी म्हणाले. "कशानेही मारलं असतं तरी. मी पुन्हा तपासून पाहिलं."

त्यांनी डोळे मिटले. खांदे हळूहळू खाली आले. "मग ठरलेलंच होतं," ते म्हणाले. "बरं झालं. मला वाटलं, माझ्या हातून गेली."

"नाही, काका."

खिडक्या बंद होत्या. दोन कपांतून वाफ सरळ वर जात होती.

मग माझ्या कपावरची वाफ समोरून कोणी फुंकल्यासारखी आडवी झाली. फक्त माझ्याच. ती माझ्या बाजूला वळली, टेबलाच्या कडेपर्यंत आली, एका श्वासाएवढी तशी राहिली आणि पुन्हा सरळ झाली. मिंतकाकांच्या कपावरची हललीही नाही.

त्यांनी डोळे उघडले होते. आधी माझ्या कपाकडे आणि मग माझ्याकडे त्यांनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"रिक्स्त," ते हळूच म्हणाले, "तुझी मुलगी ग्रोनिंगेनलाच असते ना? तिला फोन लाव बघू."