तालीमागे साठलेलं शेत

ओझूच्या तिसऱ्या कुंडीतल्या नाचणीनेही माना टाकल्या, तेव्हा केसरला हसू आवरेना.

"पाहुणे, करता तरी काय तुम्ही रोपांचं?"

ओझू टुणी ग्रहावरून आला होता. तिथे नुसता खडक. माती चिमूटभर नाही. माती करता येते का, याचं उत्तर त्याला आज संध्याकाळी ग्रहसभेला द्यायचं होतं. 'नाही' म्हटलं, की सभा तो विचार कायमचा सोडणार होती.

"सगळं नीट केलं," त्याच्या गळ्यातला दुभाषा (भाषा बदलून सांगणारं यंत्र) बोलला. "तुमच्याच डोंगराचा खडक दळला. सात वेळा चाळला. पडलेलं पान, मुंगी, गांडूळ, सगळी घाण रोज वेचली. आमच्याकडे अस्वच्छता चालत नाही."

"अगं बाई! म्हणजे पीठ केलंत. माती कुठे केलीत?" केसरची आई, संजीवनी, दगड रचता रचता म्हणाली.

आंबेटेक गावात वैशाख आला, की प्रत्येक घर आपल्या तालीचे (उतारावर आडव्या रचलेल्या भिंतीचे) ढासळलेले दगड बसवतं, जमलं तर नवा थर चढवतं. २०७९ साल उजाडलं, ओझी उचलायला यंत्रमाणसं आली, तरी दगड बसवायचा तो हातानेच. केसरला याचा भारी कंटाळा. मैत्रिणींच्या आया अवकाशतळावर, आणि हिची आई आपली मातीत.

आईने दोघांना ओढ्याच्या तुटक्या काठाशी नेलं. "खालून वर बघा."

तळाशी काळा कातळ होता. "दिवसा तापतो, रात्री निवतो, भेगा पडतात. भेगांत पाणी शिरतं, मुळं शिरतात. पावसाचं पाणी किंचित आंबट असतं, तेही खडकाला हळूहळू विरघळवतं. हा अपक्षय (जागच्या जागी खडक झिजणं, फुटणं)." कातळावर मुरूम, म्हणजे अर्धवट फुटलेला खडक. त्यावर तपकिरी माती. सगळ्यांत वर काळसर थर.

"हा काळा कशाने?"

"तुम्ही वेचलीत ना, त्या घाणीने!" केसर म्हणाली. "पानं कुजतात, गांडुळं ती खाली-वर करतात, जिवाणू त्यांचं ह्यूमस (कुजून झालेला काळा भाग) करतात. त्यानेच ओल टिकते, रोपांना खायला मिळतं."

"बोटभर थराला किती दिवस?"

"शेकडो वर्षं," आई म्हणाली.

ओझूचे तिन्ही डोळे मिटले. "मग उत्तर 'नाही'च."

"दम धरा की जरा!" आई दोघांना परत तालीवरच्या शेतात घेऊन आली. "तुमच्याकडे पाऊस पडतो?"

"पडतो. खडकाचा सगळा भुगा समुद्रात जातो."

"आमचाही जायचा. डोंगरावरची माती थेट नदीत. मग माझ्या आजेसासूच्या सासूने इथे दगड रचले. पाणी मंदावलं. आधी खडे बसले, मग वाळू, शेवटी बारीक गाळ. केसर, आपण उभ्या आहोत ना, ते शेत इथे नव्हतंच. घरातल्या बायांनी अडवून जमवलंय ते."

केसर पायांखाली बघतच राहिली. मग आईच्या खरबरीत हातांकडे. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि तिने तरी कधी विचारलं होतं?

आईने एका दगडावरचं करडं दगडफूल दाखवलं. "मसाल्यात घालतो आम्ही. उघड्या कातळावर आधी हेच येतं आणि त्याला पोखरतं. तुमच्या सभेने परवानगी दिली, तर इथून सुरुवात करा. आणि चाळणी घरी ठेवा."

संध्याकाळी दुभाष्यातून सभेचा आवाज आला. ओझू अडखळला, तसा केसरने दुभाषा ओढून घेतला.

"माती होते! पण भुगा अडवावा लागतो, आणि त्यात जीव लागतात."

"शेकडो वर्षं थांबणार कोण?" सभेने विचारलं.

"थांबायचं कशाला? दरवर्षी थोडं रचायचं. माझी आई रचते. तिच्याआधी तिची सासू रचायची. पुढच्या वर्षीपासून मी."

पलीकडून एक बारीक आवाज आला, "दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत ठेवायची, की बाहेर?"

आईने हात झटकले, दुभाषा घेतला आणि अख्ख्या ग्रहसभेला दटावलं, "आत! आणि आधी पाया खणलात का?"