पहिला घास

शपथ घ्यायची मला सवय नाही. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण मुलांनाही कधी शपथ घ्यायला लावली नाही. जे घडलं ते जसंच्या तसं सांगायचं, एवढंच शिकवलं. आज मीही तेवढंच करणार आहे.

दिवस ३० सप्टेंबर २०२३, शनिवार. दुपारचा एक वाजून गेला होता. जागा फ्रान्समधली, गारोन नदीच्या काठचा सायकलींचा रस्ता.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. लख्ख ऊन होतं.

मी अनुपमा. राहणार महाड. माझी सगळी नोकरी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर झाली. एसटीतून उतरलं की पुढे सावित्रीच्या काठाने सायकल. त्यामुळे लेकीने, देवश्रीने, फ्रान्सला बोलावलं आणि म्हणाली, "आई, नदीकाठाने सायकलने फिरू, जमेल ना?" तेव्हा मला हसूच आलं.

आधी एक गोष्ट सांगायला हवी.

माझ्या शाळेत ठकूबाई खिचडी शिजवायची. पातेलं उतरवलं की पहिला घास पानावर काढून ती कुंपणाबाहेर ठेवायची. जागेच्या राखणदाराचा म्हणून. ठेवताना काहीतरी पुटपुटायची.

मला ते आवडलं. मी मुलांना सांगायचे, मुंग्या खातील, पाखरं खातील, आपण नेहमी वाटून खायचं. पुढे मलाही सवय लागली. बाहेर कुठेही डबा उघडला की पहिला घास बाजूला.

पुटपुटणं तेवढं मी सोडून दिलं.

त्या शनिवारी आम्ही तिघी होतो. मी, देवश्री आणि आठ वर्षांची नात सई. सपाट रस्ता. एका हाताला मातकट, रुंद नदी, दुसऱ्या हाताला द्राक्षांचे मळे. तोडणी चालू होती. सई पुढे घंटी वाजवत होती आणि मागे वळून ओरडत होती, "आजी, तू गोगलगाय आहेस!"

मळ्याच्या टोकाला एक दगडी खोली दिसली. दार नव्हतं, छप्पर अर्धं. तिच्या सावलीत आम्ही डबा उघडला.

तेव्हा तो वास आला.

खोलीमागे द्राक्षांच्या चोथ्याचा ढीग होता. रस काढून उरलेली सालं, बिया, देठं. त्यावर चिलटांचा थर. २०२१च्या पुरानंतर महाडमध्ये घराघरात बसलेल्या चिखलाचा वास मी घेतला आहे. हा त्याहून वेगळा होता. आंबट, कोमट... कुणीतरी तोंड उघडून अगदी जवळ यावं तसा.

तरी मी पोळी-भाजीचा घास काढला. द्राक्षाच्या पानावर ठेवला.

"कुणाला गं?" सईने विचारलं.

"इथल्या राखणदाराला."

"आई, इथल्या राखणदाराला लसणाची चटणी झेपेल का?" देवश्री हसली.

सईने आपल्या पोळीचा तुकडा मोडून माझ्या घासाशेजारी ठेवला. "त्याला बोलवू का?"

आणि मी, छत्तीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई, म्हणाले, "हो, बोलव की."

"ये रे, जेवायला ये," सई म्हणाली.

पाखरांचा आवाज थांबला.

मला तेव्हा ते जाणवलंही नाही. डबा आवरताना मी पानाकडे पाहिलं. दोन्ही घास गेले होते. मुंगी नाही, पाखरू नाही. पान मात्र... ओलं होतं. चाटून पुसून लख्ख केलेलं. कडेला जाड लाळेची तार लोंबत होती.

"कुत्रं असेल," देवश्री म्हणाली.

कुत्रं आम्हाला दिसलं नव्हतं.

आम्ही निघालो. आता सई मधे, मी शेवटी. थोडं गेल्यावर माझ्या पुढून आवाज यायला लागला.

चप... चप... चप...

तोंड न मिटता कुणी चावावं तसा. सईच्या सायकलच्या मागच्या चाकाशी. वाटलं, चाकाला ओला पाला चिकटला असेल. मी तिला थांबवलं. चाक कोरडं होतं.

आवाज मात्र चाक थांबल्यावर... आणखी दोनदा आला. मग बंद.

सईने पाण्याची बाटली काढली आणि तोंड वाकडं केलं. "आजी, शी! हिला कुणी तोंड लावलं?"

घरून निघाल्यापासून तिने ती उघडली नव्हती. पाणी अर्ध्यावर आलं होतं. बाटलीच्या तोंडाला बुळबुळीत काहीतरी लागलं होतं. त्यात काळ्या द्राक्षाचं एक साल. प्लास्टिकवर दातांचे ठसे होते. रुंद. माणसाचे म्हणावेत तर फार रुंद.

आमच्या घरात उष्टं कुणी कुणाचं खात नाही. मी ती बाटली तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकली. हात तीन वेळा धुतले. बोटांचा वास गेला नाही.

संध्याकाळी जेवायला वरण-भात होता. सईने पहिला घास घेतला आणि ती तशीच बसून राहिली. गाल फुगलेले. डोळ्यात पाणी.

"काय झालं गं?"

तिने घास ताटात काढला.

"आजी, हा आधीच चावलेला आहे."

मी पाहिलं. वरण-भाताचा घास तिने नुकताच तोंडात घातला होता. बाहेर आला तो करडा, तार सुटलेला लगदा. त्यात बिया होत्या. द्राक्षाच्या.

देवश्रीला उलटी झाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पाव, दूध, केळं, काहीही द्या. तोंडात गेलं की ते कुणाचं तरी उष्टं झालेलं असायचं. डॉक्टरांनी घसा पाहिला, पोट पाहिलं, रक्त पाहिलं. काही सापडलं नाही. नाकातून नळी घालू म्हणाले. आठ दिवसांत पोरीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. ती मला विचारायची, "आजी, मी त्याला बोलावलं म्हणून का गं?"

मी म्हणायचे, "नाही बाळा. तू चांगलंच शिकली होतीस."

चुकीचं मी शिकवलं होतं.

शनिवारी मी ठकूबाईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, घास ठेवलात ता बरा केलात. पन त्याला सांगितलात का?"

"काय सांगायचं?"

"अवो बाई, मी रोज सांगायची की! घे नि हितंच ऱ्हा. येवढी वर्सं माज्या बाजूला हुबी ऱ्हायलात, येकदा पन इचारला नाय?"

नाही विचारलं. मला वाटलं होतं, त्यातलं कामाचं तेवढं मी घेतलं आहे.

"आता काय करू?"

"जावा, तितंच जावा. सांगा त्याला."

"आणि नाही ऐकलं तर?"

"मंग... नको. ता मी नाय सांगत."

"ठकूबाई, पोर जेवत नाही गो."

ती रडायला लागली. "बलावनाऱ्याच्या वतीनं कुनी मोठ्या मानसानं आपलं ताट द्यावं. पन बाई, ता परत घेता येत नाय."

रविवारी सकाळी मी एकटी निघाले. अकरा किलोमीटर. मळे रिकामे झाले होते, नदीवर पातळ धुकं होतं. पूर्ण वाटेत एकही पाखरू बोललं नाही.

चोथ्याचा ढीग कुणीतरी उचलून नेला होता. वास तिथेच होता.

मी पानावर घास ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "घे आणि इथेच राहा."

पाच मिनिटं. दहा मिनिटं. घास तसाच. त्यावर माशीसुद्धा बसली नाही.

मग दगडी खोलीच्या आतून...

चप... चप... चप...

त्याच्या तोंडात आधीच काहीतरी होतं. घड्याळात पाहिलं. घरी सईला सकाळचं दूध देण्याची वेळ झाली होती.

वर्गात दंगा झाला की जो आवाज मी काढायचे, तोच काढला.

"पोरीचं सोड. ती लहान आहे. तिला मी शिकवलं होतं. आजपासून माझ्या ताटातलं खा."

आवाज थांबला.

मी खाली पाहिलं. पान... ओलं होतं. लख्ख.

घरी पोचले तेव्हा सई पोळी खात होती. दुसरी. देवश्री तिच्याकडे बघत भिंतीला टेकून रडत होती. मीही बसले. घास घेतला.

तो आधीच चावलेला होता.

मी गिळला.

ऑक्टोबरअखेर महाडला परत आले. वाटलं, एवढ्या लांब काय येतंय. पहिल्या संध्याकाळी आमटी-भाताचा घास तोंडात घातला. कोमट लगदा. आंबट. जिभेला द्राक्षाचं साल चिकटलं.

एकदाच, पहिल्या महिन्यात, मला राहवलं नाही. थुंकून टाकला. तासाभरात देवश्रीचा फोन आला. सईने घास ताटात काढला होता.

त्यानंतर मी कधी थुंकले नाही. रोज दोन वेळा पहिला घास गिळते. किळस येते. सवय होईल असं वाटलं होतं, होत नाही. शिकवणीला येणाऱ्या मुलांसमोर मी काही खात नाही. सायकल अजून चालवते, सावित्रीच्या काठाने. मागच्या चाकाशी आवाज असतो. मी वळून बघत नाही.

ठकूबाई एकदा भेटायला आली होती. जेवायला थांबली नाही. जाताना दारात म्हणाली, "बाई, येकच घास खातोय ना?"

तेव्हा एकच होता.

गेल्या सोमवारपासून... दुसराही.

सई दिवाळीला महाडला येते आहे. काल फोनवर विचारत होती, "आजी, आपण दोघी एकाच ताटात जेवायचं ना?"

माझं ताट तर मी त्याला देऊन बसले आहे.