दवातली खिडकी

जाळ्यावर दव असेपर्यंतच फोटो चांगले येतात, म्हणून समता रोज सकाळी सहाला परसात उतरायची. वरवट बकाल गावातल्या तिच्या घरामागे, कढीपत्त्याचं झाड आणि मागच्या खोलीची खिडकी यांच्यामध्ये एका कोळिणीनं जाळं विणलं होतं. अंगावर पिवळे पट्टे, बोराएवढं पोट. मोहरीएवढी होती तेव्हापासून समता तिच्या मागावर होती. तिचं कात टाकणं, नराला गुंडाळून खाणं, सगळं तिनं मॅक्रो लेन्समधून टिपलं होतं. आता फक्त अंडी राहिली होती.

खिडकीच्या गजांमागे समताची मोठी बहीण सुवर्णाताई बसलेली असायची. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली, नववा महिना सरत आलेला.

"तिचे हजार फोटू काढले वं तू. माहा एक तरी काढ."

"तू हालते, ताई. ते कोळीण हालत नाही."

आतून त्यांची आई केसरबाई म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खिडकीले जाळं कायले ठेवलं? झाडून टाक."

"माय, तूही आता असं बोलशीन?"

गावच्या विहारात अंधश्रद्धेविरुद्ध भाषण देणारी लेक होती ती. केसरबाईंनी उचललेला झाडू परत कोपऱ्यात ठेवला.

त्या सकाळी फोटो मोठा करून पाहताना समताचं लक्ष जाळ्यावरच्या एका थेंबाकडे गेलं. थेंबात पलीकडचं सगळं उलटं दिसतं, हे तिला ठाऊक होतं. खिडकी होती. गज होते. गजांमागची खाट होती. ताई नव्हती...

तिनं मान वर केली. ताई तिथंच होती, भिजवलेले शेंगदाणे खात.

दुसरा थेंब. तिसरा. प्रत्येक थेंबात खोली रिकामी.

"काय झालं वं? भूत पाह्यलं काय?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला आठ दिवस होते. आजच गाडी करू, ताईले दवाखान्यात नेऊन ठेवू, असं दहा वेळा ओठांवर आलं. पण 'काऊन?' असं कुणी विचारलं तर? थेंबात दिसत नाही म्हणून? तिला त्या उत्तराचीच लाज वाटली. ती पुन्हा कॅमेऱ्याकडे वळली.

तिसऱ्या दिवशी कोळीण जाळं सोडून पानाआड गेली आणि रेशमाची पिशवी विणू लागली. समता दोन तास श्वास रोखून फोटो काढत होती. आईची हाक ऐकून ती आत धावली, तेव्हा खोलीभर रक्ताचा वास होता. गाडीत ताईचा हात तिच्या हातात गार होत गेला.

"समते..." एवढंच ती म्हणाली.

बाळ वाचलं. मुलगी.

बाळाला घेऊन मायलेकी घरी परतल्या तेव्हा कोळीण पिशवीखाली वाळून लोंबत होती.

दीड महिन्यानं पिशवीला भोक पडलं. शेकडो पिल्लं धागे सोडून वाऱ्यावर निघून गेली. समतानं कॅमेरा उचलला नाही. ती आत गेली. केसरबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समता त्यांच्यासमोर, खिडकीकडे पाठ करून, गुडघ्यांवर बसली.

"माय... मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

समतानं मान खाली घातली. बाळ टक लावून बघत होतं. बारीक पाहायची सवय जडलेली तिची नजर त्या काळ्याभोर बुबुळांत शिरली. तिथं खिडकी होती. गज होते.

समता नव्हती. वाकून बसलेल्या केसरबाईही नव्हत्या.

बाळ मात्र समताच्या खांद्यावरून मागं कुणाकडे तरी बघत हसत होतं.