चिमणीच्या कपात उगवलं काय?

"आजही कडं नाही!" थाळीच्या झाकणावर नाक टेकवून चष्म्या ओरडला.

मावशीच्या प्रयोगशाळेत नानवर लावतात त्या कलौंजीच्या काळ्या बियांचा अर्क जंतूंना मारतो का, हे तपासणं चाललं होतं. अर्कात भिजवलेली कागदाची टिकली जंतूंच्या थाळीत ठेवायची. जंतू मेले, तर टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटतं. आधी छान उमटत होतं. सुट्टी लागली, ताई, चष्म्या आणि चिमणी ही भावंडं मावशीकडे आली, त्याच सुमारास बियांची नवी बरणी उघडली, आणि जंतू टिकलीला टेकून मजेत राहू लागले!

"उद्यापासून हे काम बंद," मोठे साहेब सांगून गेले.

मावशी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"रडतेस?" चिमणीनं विचारलं.

"छे गं! सर्दी."

सर्दी खरीच होती. कित्येक दिवस तिला कसलाच वास येत नव्हता. पण सर्दी झालेली माणसं खिडकीकडे तोंड करत नाहीत, एवढं मुलांना कळत होतं.

तिला हसवायला चिमणीनं आपला कप आणला. मावशीला विचारूनच तिनं नव्या बरणीतलं बी त्यात पेरलं होतं.

"बघ, माझी कलौंजी उगवली! फक्त तिला पानंच नाहीत."

कपात हिरवे, वाकडे केस उभे होते. ताईनं एक चुरगाळून हुंगला.

"अगं, हा तर कांदा!"

तिघं भांडारात धावली.

"काका, नवी बरणी कुठल्या पोत्यातून भरलीत?"

"पुढच्या!" भांडारकाका म्हणाले. "मागचं काढायला वाकावं लागतं. काळं बी ते काळं बी!"

पुढचं पोतं बागेसाठी आणलेल्या कांद्याच्या बियांचं होतं.

"साहेबांना सांगू या!" चष्म्या म्हणाला.

"सांगायचं नाही. त्यांनाच सांगू द्यायचं," ताई म्हणाली.

चिमणीनं कप थेट साहेबांच्या नाकाखाली धरला. "साहेबकाका, ओळखा!"

"कांदा! एवढंही कळत नाही होय मला?"

"कलौंजीच्या बरणीतला आहे," ताई नम्रपणे म्हणाली.

साहेब कप घेऊन तडक भांडारात गेले. मग त्यांनी भांडारकाकांना वाकायला लावलं.

मागच्या पोत्यातल्या बियांचा नवा अर्क झाला. दुसऱ्या सकाळी सगळे थाळीभोवती जमले. टिकलीभोवती लख्ख, गोल कडं!

"शाबास, पोरांनो!" साहेब म्हणाले. "काम चालू राहील. मला आधीपासून शंका होतीच म्हणा."

मावशी पुन्हा खिडकीकडे वळली.

"सर्दी?" चिमणीनं रुमाल पुढे केला.

"हो," मावशी तिला कवेत घेत म्हणाली, "सर्दीच."