कृपया बटण दाबू नये

"अठ्ठेचाळीस... एकोणपन्नास... पन्नास!" भोंग्याने स्टॉपवॉच थांबवलं. "आजोबा, नवा विक्रम! नुसते नंबर उघडायला पन्नास सेकंद!"

"हळू बोल रे! खालच्या मजल्यावरची माणसं वर येतील," वकीलबाई म्हणाली.

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पण त्या दहा वर्षांच्या मुलाने हाक मारली, की गल्लीच्या टोकाला झोपलेलं कुत्रंही उठून उभं राहायचं. त्याची तेरा वर्षांची ताई उठता-बसता वाद घालायची, म्हणून ती वकीलबाई. दोघं सुट्टीत आजोबांकडे आले होते. तिथे काका होते आणि काकांचा मुलगा टिपकागद होता. दिसेल ते टिपून घ्यायची त्याला सवय. वही आणि पेन्सिल घेऊनच तो जेवायला बसायचा.

आज तळ्यावर होडीत बसायचा बेत होता. होडीवाल्याला फोन करायचा आणि निघायचं, एवढंच काम. पण आजोबांचा फोन होडीवाल्याचा नंबर दाखवेल तर शपथ!

"आठ दिवसांपूर्वी घेतलाय हा," टिपकागद वहीत बघून म्हणाला. "जुना फोन तीन सेकंदांत उघडायचा. लिहिलंय मी."

"काय लिहिलं नाहीस ते सांग!" भोंगा म्हणाला.

आजोबा हसले नाहीत. वकीलबाईला हेच खटकलं. एरवी नातवंडांच्या भांडणात सगळ्यात आधी तेच हसायचे.

तिला कारण माहीत होतं. आजोबांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टच्या विहिरीसारख्या खोल शाफ्टमध्ये उतरलं की फोन लागत नसे, म्हणून शेवटच्या काही वर्षांत आजी त्यांना व्हॉइस मेसेज पाठवायची. आजोबा काम संपवून बाहेर आले, की सगळे मेसेज टुणटुण करत एकदम यायचे. आजी जाऊन सात महिने झाले होते. मेसेज मात्र फोनमध्ये होते. रोज चार वाजता चहा पिताना आजोबा त्यातला एक ऐकायचे. एकच. मग कप धुवून ठेवायचे.

नवा फोन आला आणि ते बंद झालं. आजीचं नाव दिसायचं, पण खाली सगळं कोरं. वर एक बारीक चक्र फिरत राहायचं. आजोबा दर दोन मिनिटांनी फोन हातात घ्यायचे, उघडायचे, बघायचे आणि ठेवून द्यायचे.

"आजोबा, तुमच्याकडे लिफ्ट हळू चालते अशी तक्रार आली, की तुम्ही आधी काय बघायचात?" वकीलबाईने विचारलं.

"तीन गोष्टी," आजोबा लगेच म्हणाले. "आत वजन किती आहे? मोटर गरम आहे का? आणि दार कोण धरून उभं आहे? लोक मोटरला शिव्या घालतात. पण दहातल्या नऊ वेळा कुणीतरी दारात पाय घालून गप्पा मारत असतं!"

"मग बघूया!" वकीलबाईने फोन हातात घेतला. "मोटर गरम आहे! एकही अ‍ॅप उघडं नाही आणि हा चहाच्या कपासारखा तापलाय. टिपकागद, लिही!"

"लिहिलं. आता वजन?"

वकीलबाईने सेटिंग उघडलं. ते उघडेपर्यंत भोंग्याचं केळं खाऊन झालं. कुठल्या अ‍ॅपने किती जागा घेतली आहे, त्याची यादी आली. तिने वाचून दाखवली आणि टिपकागदने आकडे उतरवून घेतले. इतक्यात काका मोजे चढवत बाहेर आले.

काका कायम घाईत. अर्धं वाक्य ते घरात बोलायचे आणि उरलेलं जिन्यात.

"अजून तेच चाललंय? बाबा, द्या इकडे. मोबाइलवाल्याशी बोललोय मी. फोन पूर्ण रिकामा करून नव्याने लावून देतो म्हणाला. तासाचं काम!"

"पूर्ण रिकामा?" वकीलबाई उभी राहिली. "आणि आजीचे मेसेज?"

काकांचा चेहरा जरा उतरला. "अगं, ते आलेच नाहीत या फोनमध्ये. बघ, कोरं आहे. जुना फोन तर दुकानात दिला. त्याची बॅटरी फुगली होती, घरात ठेवणंसुद्धा धोक्याचं. गेले ते, बेटा." मग ते आजोबांकडे वळले. "बाबा, सारखं त्या चक्राकडे बघत बसता तुम्ही. मला बघवत नाही. एकदा साफ करून टाकू."

आजोबांनी वकीलबाईच्या हातातून फोन घेतला आणि काकांना देऊन टाकला. मग हात कुठे ठेवावे ते न कळल्यासारखे ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले.

अर्ध्या तासाने काका परत आले. "देऊन आलो. एक वाजता मिळेल. ही पावती," असं म्हणत त्यांनी पावती चपलांच्या कपाटावर ठेवली. "मी ऑफिसला..." उरलेलं वाक्य जिन्यात गेलं.

होडीचा विषय कुणीच काढला नाही. टिपकागद वही चाळत होता आणि मध्येच पेन्सिल चावत होता.

"वकीलबाई, एक गंमत आहे," तो म्हणाला. "म्हणजे गंमत नाही. ते मेसेजचं अ‍ॅप कोरं आहे ना? मग त्याने नऊ जीबी जागा कशी घेतली?"

"काय?"

"नऊ जीबी. तूच वाचून दाखवलंस. माझ्या फोनमध्ये तेच अ‍ॅप दोन जीबीचं आहे, आणि मला तर दिवसभर मेसेज येत असतात!"

वकीलबाईने वही ओढून घेतली.

"रिकाम्या लिफ्टमध्ये नऊ माणसांचं वजन!" ती पुटपुटली. "म्हणजे लिफ्ट रिकामी नाहीच! आत कुणीतरी आहे!"

"कोण?" भोंग्याने विचारलं.

"आजी! अरे, मेसेज फोनमध्येच आहेत, फक्त दिसत नाहीयेत! आणि तो मोबाइलवाला आता..."

तिघांनी घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा! टिपकागदने पावतीवरचा दुकानाचा नंबर लावला, पण तो व्यस्त होता. वकीलबाईने कपाटावरची पावती उचलली आणि पायात एक चप्पल स्वतःची, एक भोंग्याची अडकवून ती जिना उतरायला लागली.

"लिफ्टने चला ना!" भोंगा ओरडला.

"ती पाचव्या मजल्यावर आहे! पळ!"

बेकरीच्या कोपऱ्यावरून वळताना टिपकागदची पेन्सिल पडली. ती उचलायला तो थांबला नाही. तो पेन्सिलसाठी थांबला नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं!

दुकानात गर्दी होती. काउंटरमागे मोबाइलवाला एका कानाला फोन लावून कुणाशी तरी बोलत होता आणि दुसऱ्या हातात आजोबांचा फोन होता. पडद्यावर लाल अक्षरं होती: सर्व माहिती कायमची पुसली जाईल. खाली एक बटण. आणि बटणावर येऊ घातलेला अंगठा!

गर्दीतून पुढे जायला वाट नव्हती. वकीलबाईने भावाकडे बघितलं.

"भोंग्या, आत्ता! पूर्ण जोर लावून!"

"थां-बा!!"

काचेच्या कपाटातली कव्हरं हलली. एका बाईंच्या हातून पिशवी पडली. मोबाइलवाल्याचा अंगठा जागच्या जागी थिजला.

"काय झालं? आग लागली का?"

"तो फोन आमच्या आजोबांचा आहे," वकीलबाई धापा टाकत म्हणाली. "तो पुसू नका. परत द्या."

"अगं ताई, तुझ्या काकांनीच दिलाय ना? त्यांना विचारल्याशिवाय मी कसा देऊ?"

वकीलबाईने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "तुमची पाटी काय म्हणते? 'पावती दाखवणाऱ्यालाच फोन मिळेल.' ही घ्या पावती. काकांना विचारून मिळेल, असं कुठे लिहिलंय?"

रांगेतले लोक हसले. मोबाइलवाल्याने पाटी वाचली, पावती वाचली आणि डोकं खाजवलं.

"तू मोठेपणी काय होणार आहेस?"

"ती झालीच आहे," टिपकागद म्हणाला.

मोबाइलवाला माणूस वाईट नव्हता. वकीलबाईने नऊ जीबीची गोष्ट सांगितली, तशी त्याने कानाचा फोन खाली ठेवला. त्याने आजोबांचा फोन नीट तपासला आणि एका जागी येऊन तो थबकला.

"अरेच्चा! या अ‍ॅपच्या सूचना बंद आहेत." त्याचे कान लाल झाले. "मीच बंद केल्या होत्या. म्हातारा माणूस आहे, उगाच कटकट नको म्हणून."

त्याने सूचना चालू केल्या. लगेच एक ओळ वर आली. भोंग्याने ती मोठ्याने वाचली, म्हणजे रस्त्यापलीकडेही ऐकू गेली. "जुने संदेश लावण्याचे काम थांबले आहे. अकरा टक्के पूर्ण. फोन चार्जिंगला लावा आणि काम संपेपर्यंत वापरू नका."

"आठ दिवसांत अकरा टक्के?" मोबाइलवाला चक्रावला. "एका रात्रीत व्हायला हवं होतं हे! फोन हळू चालतोय तो याचमुळे. पुन्हापुन्हा काम सुरू करतो आणि मध्येच सोडतो. रात्री चार्जिंगला लावत नाही का तुम्ही?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आजोबा रोज रात्री आठ वाजता फोन बंद करून प्लग काढून ठेवायचे. यंत्र चालू ठेवून मेकॅनिकने झोपू नये, हा त्यांचा नियम! दिवसा स्वयंपाकघरात फोन चार्जिंगला लावायचे, पण शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि दर दोन मिनिटांनी बघायचे.

"दार कोण धरून उभं आहे, ते सापडलं," वकीलबाई हळू आवाजात म्हणाली.

पण आता खरी पंचाईत होती. हे आजोबांना सांगायचं कुणी?

घरी आल्यावर वकीलबाईने स्वयंपाकघरातल्या कपाटावर फोन चार्जिंगला लावला. आजोबा दारात येऊन उभे राहिले.

"परत आणलात? दुरुस्त झाला?" त्यांचा हात फोनकडे जायलाही लागला.

"आजोबा, एक प्रश्न," वकीलबाई मध्ये आली. "लिफ्टचं बटण सारखं दाबलं तर लिफ्ट लवकर येते का?"

"छे! चाळीस वर्षं हेच सांगत आलो लोकांना. एकदा दाबा आणि उभे राहा. आणि दार तर सारखं उघडूच नका. दार उघडं असलं तर ती बिचारी हलणार कशी..."

आजोबांचा हात हवेतच राहिला. त्यांनी फोनकडे बघितलं, मग तिघांकडे. टिपकागदने वही पुढे केली. आजोबांनी ती डोळ्यांजवळ धरून पहिल्या ओळीपासून वाचली.

"म्हणजे... आहेत ते?"

"आहेत! नऊ जीबी! फक्त आपण दारातून बाजूला व्हायचं," वकीलबाई म्हणाली.

आजोबा वळून आतल्या खोलीत गेले. आतून खडखडाट ऐकू आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक पत्र्याची पाटी होती. कोपऱ्यात गंजलेली, पण अक्षरं ठळक: दुरुस्ती चालू आहे. कृपया बटण दाबू नये.

ती त्यांनी स्वतःच्या हाताने फोनसमोर उभी केली. "चाळीस वर्षांत या पाटीचा नियम मी कधी मोडला नाही," ते म्हणाले. "आजही मोडणार नाही."

पण सोपं नव्हतं ते! दोन वाजता आजोबा पाणी प्यायला आले. तीन वाजता पुन्हा पाणी. सव्वातीनला पुन्हा.

"आजोबा, तुम्ही उंट झालात की काय?" भोंगा म्हणाला, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा आजोबा हसले.

चार वाजता चहा झाला. आजोबांनी कप हातात धरला, पाटीकडे बघितलं आणि काही न ऐकता चहा प्यायला. वकीलबाई त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसली.

साडेपाचला काका आले ते तणतणतच! "पावती कुणी उचलली? मी दुकानात जातो, तर तो म्हणतो तुमची वकील घेऊन गेली! कुठे आहे फोन?" ते तरातरा स्वयंपाकघरात शिरले.

"हात लावायचा नाही!" आजोबांचा आवाज चढला. "पाटी वाचता येते ना?"

काका जागच्या जागी थांबले. वडलांचा असा आवाज त्यांनी बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता. टिपकागदने वही पुढे धरली. काकांनी उभ्याउभ्या पान वाचलं, मग खुर्ची ओढली.

"मी हे पुसायला दिलं होतं," ते म्हणाले. "आईचा आवाज. आणि एकदाही नीट बघितलं नाही."

"तू माझ्या काळजीपोटी दिलंस," आजोबा म्हणाले. "मी तरी कुठे नीट बघितलं? बस. आता कुणी बटण दाबायचं नाही, एवढंच काम आहे."

पाच जण पाटीकडे बघत बसले. सव्वासहाला फोन आपणहून वाजला. टुण! मग टुणटुण! मग इतके टुणटुण, की भोंग्याचाही आवाज त्यात बुडाला.

आजोबांनी आधी पाटी आडवी केली, मग फोन उचलला. आजीच्या नावाखाली मेसेजांची रांग लागली होती. त्यांनी डोळे मिटून एकावर बोट ठेवलं.

"अहो, ऐकताय का?" आजी म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. "सावकाश करा काम. ती तिसऱ्या मजल्यावरची बाई ओरडली तर ओरडू दे. घाईघाईत काहीतरी तोडून ठेवाल. मी थांबलेय जेवायची."

काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"चाळीस वर्षांत मला अशी तीन माणसं हाताखाली मिळाली नाहीत," ते म्हणाले. "टिपकागद, माझी तक्रारवही आण!"

लिफ्टच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद असलेली ती जाड वही आली. आजोबांनी नवं पान उघडून लिहिलं. तक्रार: फोन हळू. कारण: मेकॅनिक स्वतःच सारखं बटण दाबत होता. दुरुस्ती करणारे: असं लिहून त्यांनी पेन पुढे केलं. तिघांनी सह्या केल्या. टिपकागदने खाली तारीख आणि वेळही टाकली.

"आता दुसरा ऐकूया ना, आजोबा!" भोंगा म्हणाला.

"नाही. रोज एकच." आजोबांनी फोन परत चार्जिंगला लावला. "भोंग्या, स्टॉपवॉच काढ. होडीवाल्याचा नंबर किती सेकंदांत येतो बघू."

"एक... दोन... आला! तीनच्या आत!"

"अरे, मग ओरडतोस काय? नंबर लाव! उद्या सकाळची होडी सांग. पाच माणसं म्हणावं."

"पाच?" काका वळले. "मला ऑफिस..."

चौघांनी मिळून कपाटावरची पाटी उभी करून त्यांच्यासमोर धरली. आता त्यांच्या घाईची दुरुस्ती चालू होती!