एर्केजानचे डोळे

“अगाय, मेलेल्या माणसाचे मिटलेले डोळे फोटोत उघडता येतात का?”

तोल्कुनने हे विचारलं तेव्हा वर्गातल्या सगळ्या मुली कॉम्प्युटरमागे तोंड लपवून हसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. कुबात अगायना, म्हणजे आमच्या सरांना, हा प्रश्न विचारून दाखवायचा, नाहीतर आठवडाभर सगळ्यांच्या बुटांवरचा बर्फ झाडायचा.

तोल्कुन माझी मावसबहीण. पुढे जे लिहितेय ते तिच्याच तोंडून ऐकलंय, आणि त्यातलं थोडंसं मी स्वतः पाहिलंय. मीठमसाला लावलेला नाही. गाव आमचंच, नारिन. नोव्हेंबर संपत आलेला. त्या दिवसांत दुपारीच ऊन डोंगरामागे जातं आणि कॉलेजच्या लॅबमध्ये दिवे लावावे लागतात.

खोटं वाटलं तर वाटू दे. शेवटी काय झालं हे मात्र मला विचारू नका. मी अजून कबरस्तानाच्या रस्त्याने जात नाही.

तर... प्रश्न विचारला.

अगाय चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला.

“येतात की. पण कुणाच्या डोळ्यांनी उघडायचे, ते आधी विचारायचं असतं.”

हसणं एकदम थांबलं.

कुबात अगाय आम्हाला फोटो एडिटिंग शिकवायचे आणि कॉलेज सुटलं की कबरीच्या दगडांवर चेहरे कोरून द्यायचे. लोक फोटो आणतात तरी कसले? कुणाच्या तरी लग्नातला. अर्धा खांदा शेजाऱ्याच्या मागे, कपाळावर दुसऱ्याच्या ग्लासची सावली. मग अगाय तो माणूस कापून बाहेर काढणार, खांदा पुरा करणार, कोट घालणार आणि मग तो काळ्या दगडावर जाणार.

तोल्कुनला हे काम जाम आवडायचं. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायची. आणि यंदा? तोंडाचा पट्टा थांबेल तर शपथ. स्वतः तर या वर्गात आलीच, वर एर्केजानलाही ओढून आणलं. एर्केजान तिची लहानपणापासूनची मैत्रीण. तिला खरं तर शिवणकामाला जायचं होतं.

आणि तिथेच घोळ झाला.

एर्केजान तिच्यापेक्षा चांगली निघाली.

“तोल्कुन, तुझा हात झकास चालतो,” अगाय एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. “पण नजर... नजर एर्केजानकडे आहे.”

तोल्कुन हसली. रात्री उशीत तोंड खुपसून तेच वाक्य चघळत बसली.

त्यात एर्केजानचे डोळे होतेही तसेच. मधाच्या रंगाचे, लांब पापण्यांचे. बसमधल्या अनोळखी बायका वाकून बघायच्या. तोल्कुन शेजारीच उभी असायची. तिच्याकडे कुणी वाकायचं नाही.

मग एका गुरुवारी ती बाई आली.

डोक्याला करडा रुमाल. हातात फडक्यात बांधलेले गरम बोऱ्सोक. गुरुवारी आमच्याकडे घरोघरी हे पिठाचे गोळे तळतात. तेलाचा वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो, म्हणून. बाईने फडकं अगायच्या टेबलावर ठेवलं आणि फोटो पुढे केला.

“माझी अक्माराल. हा एकच उरलाय. बाकीचे तिच्या फोनमध्ये होते. फोन तिच्यासोबत नदीत गेला.”

फोटोत आमच्याच वयाची मुलगी होती. कुणाच्या तरी लग्नात खदाखदा हसत होती. हसताना डोळे गच्च मिटलेले.

“दगडावर मला तिचे डोळे हवेत,” बाई म्हणाली. “मिटलेले मी एकदा पाहिलेत. पुन्हा नको.”

अगायनी ते काम वर्गाला दिलं. जिचा फोटो सगळ्यात चांगला, तिचा दगडावर जाणार. आणि तो करणारी हिवाळाभर अगायच्या कार्यशाळेत शिकणार.

“फक्त एक नियम,” अगाय म्हणाले. “डोळे जुन्या फोल्डरमधून घ्यायचे. तिथे सगळे गेलेलेच आहेत. गेलेल्याला गेलेल्याचंच लावायचं. जिवंत माणसाची एक पापणीसुद्धा नाही.”

“का, अगाय?”

“माझ्या उस्तादांनी सांगितलं. त्यांनी कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.”

फोल्डरमध्ये बहुतेक सगळ्या म्हाताऱ्या. सुरकुत्या, मोतीबिंदू, जाड चष्मे. तोल्कुन तास तास शोधत बसली. शेजारी एर्केजानला मात्र कुणाची तरी तरुण आत्या सापडली होती. तिचं काम सुरेख चाललं होतं.

तोल्कुनला ते सुरेख आहे हे कळत होतं. दुखणं हेच होतं.

“बघ ना,” एर्केजान म्हणाली, “डावी पापणी जड वाटते का गं?”

“छान आहे की,” तोल्कुन म्हणाली.

आणि तिने स्वतःचा फोन काढला.

त्यात एर्केजानचा एक फोटो होता. पुलावर काढलेला. ऊन थेट डोळ्यांत, आणि ती सरळ बघतेय.

जिंकायचं. आणि तेही तिच्याच डोळ्यांनी. तोल्कुनला हसूच आलं.

तिने डोळ्यांभोवती कड आखली. कॉपी केलं. नव्या लेयरवर, फोटोच्या वरच्या थरावर, चिकटवलं. कडा मऊ केल्या, रंग काढला, उजेड जुळवला. प्रत्येक लेयरशेजारी एक छोटा डोळा असतो ना, त्यावर क्लिक केलं की लेयर गायब, पुन्हा केलं की हजर. तिने क्लिक केलं. अक्मारालने डोळे मिटले. पुन्हा केलं. अक्मारालने डोळे उघडले.

तेवढ्यात... वास आला. गरम तेलाचा.

“कुणी बोऱ्सोक तळतंय का गं?”

“लॅबमध्ये? डोकं फिरलंय का तुझं,” एर्केजान म्हणाली.

शिवाय तो गुरुवार नव्हताच. सोमवार होता.

तोल्कुनचा फोटो निवडला गेला.

अगाय बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. “हे डोळे जुन्या फोल्डरमधलेच ना?”

“हो, अगाय.”

बाईला बोलावलं. तिने स्क्रीनला हात लावला. अगदी हळू, गालाला लावावा तसा.

“हे तिचे डोळे नाहीत,” ती म्हणाली.

तोल्कुनने अगायकडे बघायचं टाळलं.

“पण ती मला बघतेय...” बाईने हात काढला नाही. “राहू दे. हेच राहू दे. ज्या कुणाचे असतील, तिच्या आईचा हेवा वाटतो मला.”

तिने तो फोटो आपल्या फोनमध्ये घेतला आणि गेली.

मुलींनी तोल्कुनला घेरलं, सेल्फी काढली. मीही होते त्यात. फोटोत सगळ्या हसत होत्या. एर्केजानचे डोळे मिटलेले.

“ए झोपाळू, पुन्हा एक.”

पुन्हा मिटलेले.

“अगं, उघडे ठेव ना.”

“उघडेच आहेत,” एर्केजान म्हणाली.

तिसऱ्या फोटोतही... मिटलेले. दुसऱ्या फोनवर काढला. तिथेही तेच. आम्ही हसून हसून बेजार झालो. एर्केजानही हसत होती.

तोल्कुन तेवढी हसली नाही.

दोन-तीन दिवसांत एर्केजान म्हणायला लागली, संध्याकाळ झाली की अंधुक दिसतं. मग जिन्यात ती भिंत चाचपत उतरताना दिसली. मग एक दिवस आलीच नाही.

त्या दुपारी तोल्कुनने फोन उघडला. पुलावरचा फोटो शोधला. तोच पूल. तेच ऊन.

एर्केजान डोळे मिटून उभी होती.

तोल्कुन धावत लॅबमध्ये गेली. तिथे कुणी नव्हतं. फाइल उघडली. त्या लेयरशेजारच्या छोट्या डोळ्यावर क्लिक केलं. लेयर गायब व्हायला हवा होता.

डोळे तिथेच.

तिने लेयर पुसून टाकला.

डोळे... तिथेच.

फाइल बंद केली. पुन्हा उघडली. आता अक्माराल समोर बघत नव्हती. डावीकडे बघत होती. डावीकडे एर्केजानची खुर्ची होती. रिकामी.

तेलाचा वास इतका दाट झाला की तिला ठसका लागला.

मग तोल्कुनने एक केलं. स्वतःचा फोटो काढला, स्वतःचे डोळे कापले आणि त्या डोळ्यांवर चिकटवले. घे. हे घे, ते सोड.

क्षणभर तिचे डोळे तिथे राहिले. कागद चिकटवल्यासारखे. मग फिके होत गेले, आणि खालून पुन्हा तेच वर आले. मधाच्या रंगाचे. फोटोत रंगच नव्हता, तरी मधाच्या रंगाचे.

आणि खरं सांगू? तोल्कुनला आधी भीती वाटलीच नाही. तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की हिलासुद्धा एर्केजानच हवी. मेलेलीलासुद्धा.

मग मात्र ती कीबोर्डवर डोकं ठेवून रडायला लागली.

“कुणाचे आहेत ते?”

दारात अगाय उभे होते. तोल्कुनने सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते एर्केजानच्या खुर्चीवर बसायला गेले... आणि बसले नाहीत. दुसरी खुर्ची ओढली.

“उद्या सकाळी दगड कोरायच्या मशीनवर चढणार,” ते म्हणाले. “तिथे अनडू नसतं, पोरी.”

“मग कोरू नका ना.”

“आणि त्या बाईच्या फोनमधला फोटो? ती रोज त्याला घास दाखवते म्हणे. तू पुसलंस, गेले का डोळे?”

तोल्कुनने नकारार्थी मान हलवली.

“उस्ताद म्हणायचे, गेलेलं माणूस चोरून आणलेलं सोडत नाही. त्याला वाटतं, आपल्यासाठीच आणलंय. त्याच्या बदल्यात कुणी काही राजीखुशीने दिलं तर...” त्यांनी खांदे उडवले. “माहीत नाही. कुणी दिलंच नाही कधी.”

“मी दिले की आत्ता. घेतले नाहीत तिने.”

“गुपचूप दिलेस. घरी माहीत आहे? आपल्यात गुपचूप काही देतात का? घरच्यांना सांगितल्याशिवाय उचललेलं म्हणजे चोरीच. मग ते स्वतःचंच का असेना.”

तोल्कुन तिथून थेट एर्केजानकडे गेली.

एर्केजान शेगडीजवळ भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांवर ओला रुमाल. तिची आई दवाखान्यात न्यायला गाडी मिळते का बघायला गेली होती.

“कोण?” एर्केजानने विचारलं.

“मी. तोल्कुन.”

“तू?” ती गोंधळली. तिने हळूच मान शेजारी वळवली. “मग ही कोण?”

शेजारी गादी होती. कुणीच नव्हतं. गादी मात्र... मधोमध दबलेली होती.

“ही मघापासून बसलीये,” एर्केजान म्हणाली. “माझा हात धरून. मला वाटलं तूच. तुझ्यासारखाच गार हात. बोलत नाही, नुसती हसते.”

“एर्के, तो हात सोड.”

“का गं? चांगली आहे ती.”

तोल्कुनच्या अंगावर काटा आला. पण काट्याखाली आणखी एक काहीतरी पेटलं. ती जागा तिची होती. शेगडीजवळची, एर्केजानच्या उजव्या हाताची. पहिलीत असल्यापासून तिचीच. आणि तिथे दुसरी कुणी बसली होती.

“एर्के, तुझे डोळे मीच घेतले,” ती भरभर म्हणाली. “फोटोसाठी. तुझी नजर, तुझी नजर, सगळे तेच म्हणतात. मला सहन होईना. तुझ्याच डोळ्यांनी तुला हरवायचं होतं.”

 एर्केजानच्या रुमालाखालून पाणी ओघळलं.

“मागितले असतेस तर दिले असते की, येडे,” ती म्हणाली.

मग तिने मान तिरकी केली. कुणी कानात बोलल्यावर करतात तशी.

“ती म्हणते... तूच आमची ओळख करून दिलीस.”

तोल्कुन उठली. त्या दबलेल्या गादीकडे तोंड करून उभी राहिली. 

“ही माझी मैत्रीण आहे. तुला काय हवं ते मी देईन. ही नाही.”

कुणी हसलं का? तोल्कुन म्हणते, हो. ती म्हणते, फोटोतलं तेच हसू, पण आवाजासकट.

ती घरी आली तेव्हा नुकतं अंधारत होतं. गुरुवार होता. तिची आई, अपा, तळण उरकून कढई पुसत होती. तिचे वडील, अता, बाहेरून येऊन चहात लोणी ढवळत बसले होते, अंगात अजून कोट.

“आलीस? ये, गरम आहेत तोवर खा,” अपा म्हणाली. “तोंड का असं? भांडलात पुन्हा दोघी?”

तोल्कुनने बूट काढले नाहीत. ती दारातच उभी राहिली.

“आधी टीव्ही बंद करा. मला तुम्हा दोघांना काहीतरी सांगायचंय, आणि सांगूनच करायचंय.”

अतांनी टीव्ही बंद केला. 

तिने पहिल्यापासून सांगितलं. मध्ये अपाने एकदा तोंडावर हात ठेवला, एकदा उठून खिडकीचा पडदा ओढला. अतांचा चहा तसाच राहिला.

“उद्या सकाळी दगड मशीनवर चढायच्या आत मी त्या मुलीला माझे डोळे देणार आहे,” तोल्कुन म्हणाली. “एर्केजानचे परत मागून. अगाय आणि अक्मारालची आई दोघं असतील, सगळ्यांदेखत.”

“फोटोतले,” अता म्हणाले. “फोटोतलेच ना गं?”

 तोल्कुनने आधी अपाकडे बघितलं, मग अतांकडे. केस, कपाळ, अतांच्या हनुवटीवरचा जुना व्रण. सावकाश, काही सुटू नये असं.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली.