निर्मळ भिंग

धरणाच्या पायथ्याशी असलेल्या प्रयोगशाळेत डॉ. हेमांगी प्रधानांनी कॅमेऱ्याच्या भिंगावर पिचकारी मारली. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं पाणी ओघळून गेलं.

"हा थेंबत्यागी लेप. यावर इतके सूक्ष्म काटे आहेत की थेंबाला बूड टेकायला जागाच नाही. वाफसुद्धा बसणार नाही."

समोर यशवंत तांडेल हा पाणबुड्या आणि त्याची दोरी धरणारे त्याचे काका भिकाजी उभे होते. धरणाच्या भिंतीतल्या भेगेवर यशवंत दोन वर्षं देखरेख ठेवून होता. कॅमेरा मुखवट्याच्या आत असे. नाकातून निसटलेल्या श्वासाने भिंग धुरकटायचं आणि मापं चुकायची.

"बाई, माझं मन काही घेत नाही," भिकाजी म्हणाले.

"काकांना कीर्तनातल्या धुपाची सवय," यशवंत हसला. "स्वच्छ दिसलं की घाबरतात."

त्याचं श्वासयंत्र सोडलेली हवा शुद्ध करून परत देई, म्हणून वर बुडबुडे येत नसत. तोंडात नळी, म्हणून बोलणं नाही. म्हणून काका दर दोन मिनिटांनी खुशाली विचारायला दोरीला एक हिसका देत. तो दोन हिसके परत देई.

"आता हिसके नकोत," हेमांगी म्हणाल्या. "चित्र हलतं. पडद्यावर सगळं दिसतंच आहे की."

शिकलेल्या बाईचा शब्द. काकांनी मान डोलावली.

त्याच दुपारी यशवंतने पाण्याखाली कमरेचा पट्टा भिंतीतल्या कडीला अडकवला. वर धरणावर, हेमांगी आणि काकांसमोरच्या पडद्यावर भेगेचा केसाएवढा तपशीलही स्पष्ट उमटला. पाव तास झाला तरी चित्र तसूभर ढळलं नाही.

"काय स्थिर माणूस आहे," हेमांगी कौतुकाने म्हणाल्या.

"बाई, मला ठेका सापडत नाही," भिकाजी पुटपुटले. "रोज पडदा धुरकटला की मी मनात हरी म्हणतो, निवळला की थांबतो. आज म्हणू कुठे?"

हेमांगींनी पडद्याकडे पाहिलं.

"दोरी ओढा, काका."

काकांनी हिसका दिला. उलटे दोन हिसके आले नाहीत.

श्वासयंत्रातली हवा शुद्ध करणारी पेटी निकामी झाली होती. आपलीच वापरलेली हवा ओढत यशवंत झोपेत जावा तसा गेला होता, आणि पट्ट्याने त्याला भेगेसमोर ताठ धरून ठेवलं होतं.

तेरावं झाल्यावर भिकाजी प्रयोगशाळेत आले.

"जुनं एखादं चित्रण द्या, बाई. ज्यात त्याचा श्वास दिसतो असं. त्याची आई जेवत नाही. तिला दाखवीन म्हणतो."

हेमांगींनी संग्रह उघडला. लेप लावायच्या आदल्याच दिवशी त्यांनीच चित्रातलं धुकं पुसणारी धूकहारी प्रणाली चालवून दोन वर्षांचं सगळं चित्रण निवळून घेतलं होतं. मूळ प्रती सदोष ठरवून काढून टाकल्या होत्या. हेमांगी एकेक चित्रण उघडत गेल्या. भिंत. भेग. पुन्हा भिंत.

"यात तो श्वास घेतोय ना?" काकांनी विचारलं.

"घेत होता, काका," हेमांगी म्हणाल्या. "मीच तो पुसला."